कूळ शोधायला गेले, आणि कूळ सापडलं

माझ्या सासऱ्यांच्या जेवणघरात राफाएलची मेरी टांगलेली आहे. छापील, अर्थात. मूळ चित्र बर्लिनला आहे. चौकटीखाली पितळी पट्टीवर कोरलंय, ‘मादोन्ना दियोतालेव्ही’. दियोतालेव्ही हे माझ्या नवऱ्याचं आडनाव. इटलीतल्या रिमिनीत या नावाचं एक मार्केझे घराणं होतं (मार्केझे म्हणजे आपल्याकडचे सरदार-जहागीरदार समजा), आणि एकोणिसाव्या शतकात हे चित्र त्यांच्याकडून बर्लिनला गेलं, म्हणून चित्राला त्यांचं नाव चिकटलं. इथपर्यंत सगळं खरं आहे. पुढचं वाक्य सासरे स्वतःचं घालतात, “ते आमचेच.”

सासऱ्यांनी जन्मभर रिमिनीच्या किनाऱ्यावर छत्र्या आणि आरामखुर्च्या भाड्याने दिल्या. सरदारांच्या वंशजांवर ही वेळ का आली, हे त्या घरात कुणी विचारत नाही. मीही लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. आजेसासूबाई, म्हणजे नोन्ना, नव्वदी ओलांडलेल्या, अजून पियादीना स्वतः लाटतात. पियादीना म्हणजे चरबी घालून मळलेली मैद्याची जाडसर पोळी. एकदा बाहेर मार्केझेपुराण चाललं असताना त्यांनी लाटणं थांबवलं, पीठ लागलेलं बोट ओठांवर ठेवलं आणि मला म्हणाल्या, “सरदार-बिरदार काही नाही. आपल्यात चाकाचं रक्त आहे. मला माझ्या सासूने सांगितलंय.” आणि पुन्हा लाटायला लागल्या.

चाक म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, नोन्नाचं वय झालंय.

मग मला सातवा महिना लागला आणि आडनावाचा प्रश्न आमच्याच दारात येऊन बसला. इटलीत बाळाला वडिलांचं आडनाव आपोआप लागायचं. २०२२ साली तिथल्या घटना न्यायालयाने (निकाल क्रमांक १३१) हे आपोआप लागणं घटनाविरोधी ठरवलं. आता बाळाला दोघांची आडनावं लागतात, क्रम आईबापांनी ठरवायचा. एकच हवं असेल तर दोघांनी तसं एकमताने सांगायचं. आमचं बाळ कुलकर्णी दियोतालेव्ही की दियोतालेव्ही कुलकर्णी? जेवणाच्या टेबलावर सासरे म्हणाले, ऐतिहासिक आडनाव आधी. मी म्हटलं, इतिहास तरी आधी बघू या. इथे बाळंतपणाची सक्तीची रजा पाच महिन्यांची असते, साधारणपणे त्यातली दोन आधी आणि तीन नंतर. माझ्याकडे वेळ होता, पाय सुजलेले होते, आणि उन्हाळ्यात वातानुकूलित असलेली जागा म्हणजे ग्रंथालय.

त्याआधी एक मूर्खपणा केला तो सांगून टाकते. आडनावाचा इतिहास आणि वंशचिन्ह घरपोच देणाऱ्या एका दुकानाकडून पंचेचाळीस युरोंना मी चर्मपत्रासारखा दिसणारा कागद मागवला. त्यावर सिंह, बुरूज, आणि ‘प्राचीन व उदात्त घराणे’ वगैरे मजकूर. सासरे खूश. मला मात्र तो मजकूर कुठल्याही घराण्याला शोभेल असा वाटला, म्हणून त्याच दुकानाच्या नमुना पानात एका मैत्रिणीचं आडनाव घालून पाहिलं. तोच सिंह, फक्त तोंड उलटीकडे. सरदारकीचं म्हणाल तर १९४८ च्या राज्यघटनेने इटलीत सगळ्या सरदारकीच्या पदव्यांची मान्यता काढून घेतली आहे, त्यामुळे खरा मार्केझेसुद्धा आज कागदावर नुसता सिन्योर. तो कागद अजून आमच्या कपाटावर गुंडाळलेला आहे. फेकायला जीव होत नाही, पंचेचाळीस युरो आहेत.

रिमिनीचं गांबालुंगा ग्रंथालय १६१९ पासूनचं आहे. तिथे मी दोन कोश मागितले. एक एमिदियो दे फेलीचे यांचा १९७८ चा इटालियन आडनावांचा कोश, आणि दुसरा काफ्फारेल्ली आणि मार्कातो यांचा २००८ चा, दोन जाडजूड खंडांचा. माझं पोट बघून ग्रंथपाल बाईंनी खंड स्वतः उचलून टेबलावर आणून दिले.

दियोतालेव्ही हा मुळात एक शब्दच नाही, ते अख्खं वाक्य आहे. दियो, ती, आलेव्ही. देव तुला वाढवो. ‘आलेव्हारे’ म्हणजे वाढवणं, पोसणं, लहानाचं मोठं करणं. आणि ‘आलेव्ही’ हे त्या क्रियापदाचं इच्छा सांगणारं रूप, आपल्या ‘वाढवो’, ‘करो’, ‘राहो’सारखं. इंग्रजीत हे समजावताना नवऱ्याची नेहमी तारांबळ उडते. मराठीत मला एका शब्दात पोचलं. देव तुझं भलं करो, तसं देव तुला वाढवो.

मध्ययुगात मध्य इटलीत अशी वाक्यंच्या वाक्यं मुलांना नाव म्हणून ठेवत. आडनाव नव्हे, नाव. दियोतिसाल्वी म्हणजे देव तुला तारो. दियोताइयुती म्हणजे देव तुझ्या मदतीला येवो. बेंतिवोल्यो म्हणजे माझा तुझ्यावर जीव आहे. हे आडनाव लावणाऱ्या घराण्याने पंधराव्या शतकात बोलोन्यावर राज्य केलं. बेनवेनूतो म्हणजे भले आलास. बाळं जन्मायची आणि मरायची अशा काळात आईबाप नावातच आशीर्वाद बांधून ठेवत होते. पुढे आडनावं पिढीजात झाली तेव्हा कुणा एका दियोतालेव्हीची मुलं ‘दियोतालेव्हीची’ म्हणून ओळखली गेली, आणि आशीर्वाद आडनावात गोठला.

हे वाचताना मला आमच्या आळीतला धोंडू आठवला. आपल्याकडे पद्धत उलटी. मूल जगत नसेल तर दगडू, धोंडू, केरू, भिकू असं नाव ठेवायचं, म्हणजे दृष्ट लागणार नाही आणि यमही म्हणेल, हा केर कशाला न्यायचा. भीती तीच, फक्त तिकडे देवाला हाक आणि इकडे यमाला चकवा. (नकुशी हे नाव या यादीत मी घालत नाही. ते यमासाठी नव्हतं, मुलीसाठीच होतं. २०११ मध्ये साताऱ्यात नकुशी नावाच्या मुलींना सरकारी कार्यक्रमात नवी नावं दिली तेव्हा मी कॉलेजात होते.)

पुढच्या आठवड्यात नवरा मला पिसाला घेऊन गेला. सगळे झुकत्या मनोऱ्याला हात लावून फोटो काढत होते, आम्ही बाप्तिस्मागृहात शिरलो. आतल्या एका खांबावर लॅटिनमध्ये कोरलेलं आहे की या कामाचा उस्ताद देओतिसाल्वी. बांधकाम ११५२ ला सुरू झालेलं. पावणेनऊशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याचं नाव, आणि ते आमच्या आडनावाचं सख्खं भावंड. मी खांबाजवळ बराच वेळ उभी राहिले, पाय दुखेपर्यंत. मग मीही मनोऱ्याला हात लावून फोटो काढला. खोटं कशाला बोलू?

आता दुर्मिळपणाचं. सासऱ्यांचा दावा असा की आडनाव दुर्मिळ, म्हणजे घराणं एकच, म्हणजे आपण मार्केझे. इटलीत सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव रोस्सी, लाल किंवा तांबडा. त्याचंच दक्षिणेकडचं रूप रुस्सो. मग फेर्रारी, म्हणजे आपले लोहार, मग एस्पोझितो, बियांकी अशी रांग. त्यांच्यापुढे दियोतालेव्ही चिमूटभरच. पण दुर्मिळपणा कुठून मोजता यावर ठरतो. मिलानमधल्या माझ्या ऑफिसात हे आडनाव कुणी ऐकलेलं नव्हतं, प्रत्येक वेळी स्पेलिंग सांगायला लागायचं. रिमिनीच्या जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत मात्र बोट खाली सरकवत गेले तर सरकतच राहिलं. एक दियोतालेव्ही नळकाम करणारा, एक दाताचा डॉक्टर, एक फुलांचं दुकान. इटलीच्या नकाशावर हे आडनाव मुख्यतः मध्यभागी, आड्रियाटिक समुद्राच्या बाजूला, रोमान्या आणि मार्के या प्रांतांमध्ये गोळा झालेलं दिसतं. रत्नागिरीत परांजपे मोजावेत आणि नागपुरात जाऊन दुर्मिळ म्हणावेत, तसं काहीसं.

आणि आशीर्वादाचं नाव कुठल्याही गावात, कुठल्याही बाळाला ठेवता येत होतं. त्यामुळे सगळे दियोतालेव्ही एका बुंध्याचे असण्याचं काही कारणच नाही. आमचे कुलकर्णी तरी कुठे एकमेकांचे कोण लागतात?

चाकाचा उलगडा ग्रंथपाल बाईंनीच केला. त्या म्हणाल्या, मध्ययुगातलं नाव हा एक उगम. पण याच प्रकारची नावं पुढे टाकून दिलेल्या मुलांनाही देत असत. देव तुला वाढवो, कारण आईबाप वाढवणार नाहीत.

अनाथ मुलांच्या संस्थेच्या भिंतीत लाकडी पिंप बसवलेलं असे, आडवं फिरणारं. बाहेरून बाळ ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. आतली बाई बाळ उचलून घेई. तिला बाहेरचा चेहरा दिसत नसे. हेच ते चाक, इटालियनमध्ये रुओता. मिलानचं १८६८ मध्ये बंद झालं, फ्लॉरेन्स आणि नेपल्सची १८७५ मध्ये. अशा मुलांना संस्थेची छाप असलेली आडनावं मिळत. नेपल्सला एस्पोझितो, म्हणजे उघड्यावर ठेवलेला. रोमच्या बाजूला प्रोयेत्ती, फेकलेले. फ्लॉरेन्सला इन्नोचेंती, निष्पाप. मिलानला कोलोंबो, कारण तिथल्या मोठ्या इस्पितळाचं चिन्ह कबुतर होतं; १८२५ नंतर तिथे ही एकाच आडनावाची पद्धत सोडून दिली. पुढे कारकून मनाला येईल ते आडनाव शोधून काढू लागले. इटलीतल्या कितीतरी खरोखर दुर्मिळ, एकाच घरापुरत्या आडनावांचा जन्म असा कुणा कंटाळलेल्या कारकुनाच्या टेबलावर झालेला आहे. सरदारकीच्या नेमकं उलट. आजचा कायदा (२००० सालचा) तर सांगतो की अनाथ मुलाला जन्माची कहाणी उघड करणारं आडनाव द्यायचं नाही, आणि गावातल्या बड्या घराण्याचंही द्यायचं नाही.

फ्लॉरेन्सच्या इन्नोचेंती संस्थेत आता संग्रहालय आहे. ब्रुनेलेस्कीने बांधलेली इमारत. १४४५ च्या ५ फेब्रुवारीला तिथे पहिलं बाळ आलं, मुलगी होती. संत आगाताचा दिवस म्हणून तिचं नाव आगाता ठेवलं, आगाता स्मेराल्दा. एका खोलीत भिंतीला छोटे छोटे कप्पे आहेत, प्रत्येकावर एक नाव आणि तारीख. कप्पा ओढला की आत बाळासोबत ठेवलेली वस्तू. मी एक ओढला. आत पितळी पदक, मधोमध कापलेलं. एक अर्धं बाळाच्या गळ्यात, दुसरं आईजवळ, कधी परत न्यायला आलीच तर ओळख पटावी म्हणून. कापलेली कड घासून गुळगुळीत केलेली नव्हती, दातेरी होती. पोटात बाळ लाथा मारत होतं. मी दुसरा कप्पा उघडला नाही.

परत येऊन मी ठरवलं की कोश पुरे. कोश आडनावाचा अर्थ सांगतो, या घरात ते कुठून आलं हे त्याला कसं ठाऊक असणार? त्यासाठी कागद हवेत.

इटलीत ही कामं कोमूनेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, जन्ममृत्यू कार्यालयात होतात. सासऱ्यांचं मूळ गाव रिमिनीच्या मागे, मारेक्या नदीच्या खोऱ्यातल्या टेकड्यांत. तिथल्या खिडकीवर मी नवऱ्याच्या पणजोबांचा, १८९४ चा, जन्मदाखला मागितला. त्यांनी दिला तो उतारा. चार ओळी, नाव, तारीख, संपलं. नवख्याची पहिली चूक हीच. मागायची असते ‘कोपिया इंतेग्राले’, म्हणजे मूळ नोंदीची जशीच्या तशी पूर्ण नक्कल. ती बाहेरच्याला सहज मिळत नाही, पण नोंद सत्तर वर्षांहून जुनी असली की अडत नाही. हे मला खिडकीवर कुणी सांगितलं नाही. दोन हेलपाटे झाले, तिसऱ्या वेळी माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं. तो ब्राझीलमधल्या चुलत नातवासाठी कागद गोळा करत होता.

पूर्ण नक्कल हातात आली आणि मी चालत्या गाडीत वाचायला लागले. बापाचं वय तेहतीस, म्हणजे खापरपणजोबा १८६१ चे. धंदा, घर क्रमांक, साक्षीदार कोण, सगळं. आणि नावांच्या मध्ये एक छोटासा शब्द, ‘फू’. अमक्या ‘दि’ तमका असेल तर बाप हयात आहे, अमक्या ‘फू’ तमका असेल तर बाप गेला. फू म्हणजे ‘होता’. आपलं ‘कै.’ जिथे करतं तेच काम. मला हे कळल्यावर प्रत्येक नोंदीत आधी तेच शोधायची सवय लागली. एका नोंदीत दि, पाच वर्षांनंतरच्या नोंदीत फू, म्हणजे मधे कधीतरी म्हातारा गेला. मृत्यूची नोंद शोधायच्या आधीच कळतं.

बाप ‘एन. एन.’, म्हणजे अज्ञात, असं कुठे आहे का तेही बघत होते. पूर्वी अशी अक्षरं माणसाच्या प्रत्येक कागदावर जन्मभर सोबत असायची. १९५५ च्या कायद्याने आईबापांची नावं रोजच्या दाखल्यांवरून काढली तेव्हा ती सुटली. आमच्या नक्कलेत एन. एन. नव्हतं.

मग भिंत आली. एकसंध इटलीची नागरी नोंदणी सुरू होते १ जानेवारी १८६६ ला. सरकारी अभिलेखागारांतल्या नोंदवह्यांची छायाचित्रं ‘आंतेनाती’ (पूर्वज) नावाच्या सरकारी पोर्टलवर फुकट बघता येतात. ही खरोखर कौतुकाची सोय आहे, मी रात्री दोनदोनपर्यंत पानं उलटत बसायचे. पण १८६१ चा जन्म १८६६ च्या आधीचा. रिमिनी १८५९-६० पर्यंत पोपच्या राज्यात होती. नेपोलियनच्या लोकांनी १८०६ पासून काही वर्षं सरकारी जन्मनोंदी ठेवल्या होत्या, तो गेल्यावर पोपची सत्ता परत आली आणि जन्ममृत्यू पुन्हा पाद्र्यांच्या वह्यांत गेले. मधल्या पन्नासेक वर्षांसाठी चर्चच गाठावं लागतं.

चर्चच्या वह्या जुन्या आहेत. बाप्तिस्मा आणि लग्नं लिहून ठेवायचा नियम ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये घातला, सतराव्या शतकात मृत्यूची वही आणि घरोघरची शिरगणतीही आली. या शिरगणतीला ‘स्तातो देल्ले आनिमे’ म्हणतात, आत्म्यांची स्थिती. पाद्री ईस्टरच्या सुमारास घरोघर जायचा आणि कुटुंबप्रमुखापासून गड्यापर्यंत प्रत्येकाचं नाव-वय लिहायचा. आपल्या पंढरपूर-नाशिकच्या बडव्या-उपाध्यायांच्या चोपड्या आठवल्या. तिथे यजमान चालत जातो, इथे पाद्री चालत यायचा.

पहिल्या चर्चमध्ये काहीच मिळालं नाही. दुसऱ्यात एक बाप्तिस्मा मिळाला, पण बहिणीचा. तिसऱ्यात कुटुंब १८५८ ला दिसतं आणि १८६० ला गायब. मला वाटलं मेले की काय सगळे. तिथल्या वयस्क पाद्र्यांनी वही मिटली आणि विचारलं, “हे लोक कसणारे होते का?” मग त्यांनी मला ‘सान मार्तीनो करणं’ म्हणजे काय ते सांगितलं. अर्धेलीने जमीन कसणाऱ्याचा करार संपायचा नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या दिवशी, ११ तारखेला. मालकाने पुढे ठेवलं नाही तर गाडीवर गाद्या, भांडी, कोंबड्या, म्हातारी घालून दुसऱ्या मळ्यावर जायचं. नवा मळा नव्या चर्चच्या हद्दीत, म्हणून नाव या वहीतून उडून त्या वहीत. ते म्हणाले, “बाई, सरदार शोधायचा असेल तर एक चर्च पुरतं. ते हलत नाहीत.”

सहाव्या चर्चच्या वह्या धर्मप्रांताच्या अभिलेखागारात ठेवलेल्या होत्या. तिथे खापरपणजोबांचा बाप्तिस्मा सापडला. मग त्यांच्या बापाचा, १८३४. आणि त्यांच्या आजोबांचं लग्न, १८३२. लॅटिन, शाई तपकिरी झालेली, कागदाच्या दुसऱ्या बाजूचं अक्षर या बाजूला उमटलेलं. नवरदेवाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, गाव. मग नवरीचं नाव. आणि त्यापुढे, जिथे बापाचं नाव यायला हवं तिथे, तीन शब्द. एक्स इंचेर्तिस पारेंतिबुस. आईबाप ठाऊक नाहीत.

मी तिचा माग शिरगणतीत काढला. १८२० च्या वहीत ती सहा वर्षांची आहे, शेजारच्या मळ्यावरच्या दुसऱ्या एका कुटुंबात. घरची माणसं क्रमाने लिहिली आहेत, मग गडी, आणि गड्याच्याही खाली ती. आडनाव नाही, नुसतं ‘टाकलेली’. संस्था अशी बाळं दूध पाजायला शेतकऱ्यांच्या बायकांकडे देत, त्याचे महिन्याला पैसे मिळत. पैसे थांबले तरी कितीतरी मुलं तिथेच राहत, कारण शेतावर हात हवेच असतात.

नोन्नाचं बरोबर होतं. चाकाचं रक्त होतं, फक्त ते आडनावाच्या वाटेने आलेलं नव्हतं. आडनावाचा माग काढणाऱ्याला ती बाई कधीच दिसली नसती. सुनेने सुनेला, तिने पुढच्या सुनेला सांगत, जवळजवळ दोनशे वर्षं ती पीठ मळता मळता माझ्यापर्यंत आली.

शेवटचा कागद रिमिनीच्या सरकारी अभिलेखागारात मिळाला. १८३२ चा नवरदेव जन्मला जानेवारी १८११ मध्ये, नेपोलियनच्या अमदानीत, रिमिनी रुबिकोने जिल्ह्यात मोडत होती तेव्हा. ही नोंद इटालियनमध्ये आहे. त्या कायद्याप्रमाणे नवजात बाळ अधिकाऱ्याला प्रत्यक्ष दाखवावं लागे. म्हणजे भर जानेवारीत बाप तान्ह्याला गुंडाळून टेकडी उतरून कचेरीत आला होता. अधिकाऱ्याने बाळ पाहिलं, मुलगा असल्याची खात्री केली, नाव लिहिलं. बापाचं आडनाव दियोतालेव्ही. बापाचा धंदा: ‘कोलोनो’. खाली लिहिलंय की लिहितावाचता येत नसल्याने बापाने सही केलेली नाही. सहीची जागा कोरी आहे.

कोलोनो म्हणजे दुसऱ्याची जमीन अर्ध्या पिकावर कसणारा. माझ्या डोक्यात शब्द आला तो मराठीच, आणि मी त्या शांत वाचनकक्षात एकटीच हसायला लागले. कूळ! मी तीन महिने नवऱ्याचं कूळ शोधत होते, आणि सापडलं ते कूळ.

संध्याकाळी सांगलीला अप्पांना फोन केला. त्यांना आधी कोलोनो समजावला, अर्धा वाटा समजावला, नोव्हेंबरातलं बिऱ्हाड समजावलं. अप्पा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “१९५७ ला आपली विहिरीखालची दोन एकरं कुळाकडे गेली. आता मुलगीपण कुळाकडेच गेली म्हणायची.” आणि खो खो हसले. मागून आईचा आवाज, “काय झालं, काय झालं?”

मग त्यांनी स्वतःहून आमचंही काढलं. कुलकर्णी हे मुळात आडनाव कुठे, ते काम. गावचा हिशेब, लावणीची पत्रकं, कोण कुठली जमीन कसतो, किती देणं, किती बाकी. वतनं १९५० च्या कायद्याने गेली, नाव राहिलं. अप्पांच्या आजोबांच्या चोपड्या अजून माळ्यावर आहेत. “त्यात आपलं नाव कुठे नाही बरं का,” अप्पा म्हणाले. “सगळी कुळांचीच.”

सासऱ्यांना कसं सांगायचं हा प्रश्न होता. नवरा म्हणाला, नको सांगूस. नोन्नाला मी आधी सांगितलं, स्वयंपाकघरातच. त्यांनी त्या बाईचं नाव विचारलं. मी सांगितलं. ते दोनदा मोठ्याने उच्चारलं, आणि म्हणाल्या, “माझ्या सासूला नाव माहीत नव्हतं.” रविवारी जेवणानंतर मी टेबलावर सगळे कागद क्रमाने मांडले. सासऱ्यांनी चष्मा लावला, १८११ ची छायाप्रत हातात घेतली आणि कोऱ्या सहीच्या जागेवर अंगठा ठेवून बराच वेळ बघत बसले. मग विचारलं, “जानेवारीत? तान्हं घेऊन?” ते एवढंच म्हणाले. मार्केझेचा विषय निघाला नाही.

मुलगी झाली. इथे जन्म इस्पितळात तीन दिवसांत नोंदवायचा नाहीतर कोमूनेत दहा दिवसांत. आम्ही नवव्या दिवशी गेलो. कारकून बाईने क्रम विचारला. मी ‘दियोतालेव्ही कुलकर्णी’ म्हटलं, नवऱ्याने त्याच क्षणी ‘कुलकर्णी दियोतालेव्ही’ म्हटलं. बाईने पेन खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन ठरवून या म्हणाली. बाहेर बाकावर बसून मी नवऱ्याला सांगितलं, आशीर्वाद आधी, हिशेब नंतर. तो तयार झाला. आत स्पेलिंग सांगायची वेळ आली. इटालियन लोक अक्षरं शहरांच्या नावांनी सांगतात: डी दोमोदोस्सोलाचा, आय इमोलाचा, ओ ओत्रांतोचा. के पाशी गाडी अडली, कारण इटालियन वर्णमालेत के नाहीच. बाईने नवऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. मी म्हटलं, कोल्हापूरचा. तिने न विचारता लिहून घेतलं.

जेवणघरात राफाएलची मेरी अजून आहे. तिच्या शेजारी आता १८११ ची नोंद चौकटीत लावली आहे. चौकट सासऱ्यांनी स्वतः केली, किनाऱ्यावरच्या जुन्या खुर्चीच्या लाकडाची. पाहुणे आले की आधी मेरी दाखवतात, मग नोंद दाखवतात, कोरी जागा बोटाने दाखवतात, जानेवारीतल्या थंडीचं वर्णन करतात, आणि शेवटी आवाज खाली आणून सांगतात की मार्केझे बहुतेक आईकडून लागत असावेत.